वाटाण्याचा धडा आणि टँकरची रांग

निलंगा, जि. लातूर
(आधी उस्मानाबाद लिहून खोडलं आहे. जिल्हा नवा, हात जुना.)

तीर्थरूप मामा आणि तेवढेच तीर्थरूप सासरे यांच्या चरणी भुजंगचा साष्टांग नमस्कार. (माणूस एकच असल्यामुळे एकदाच वाकलो आहे. कमी वाटलं तर समक्ष आल्यावर पुन्हा वाकेन.) मामींची कंबर कशी आहे? अर्धापुरात केळीला पाणी पुरतंय ना? इकडच्या पाण्याचं विचारू नका आणि माझं तर मुळीच विचारू नका. तोंड दाखवायची सोय राहिली नाही, म्हणून पत्र लिहितो आहे.

सिंधु तुमच्याकडे पोचल्याचं कळलं. का आली ते तिनं सांगितलं नसणार (मनातलं न सांगणं हा तुमच्या घराण्याचा गुण, धड्याच्या भाषेत 'प्रभावी'), म्हणून मीच सांगतो. जिल्हा नवा झाला तसं साहेबांनाही काही नवं करावंसं वाटलं आणि आम्हा विज्ञानाच्या मास्तरांना आनुवंशिकता शिकायला लातूरला बोलावलं. मी मन लावून शिकलो. वाटाणा उंच का, बुटका का, दोन गुणांत वरचढ ठरणारा म्हणजे 'प्रभावी' कोणता, एकाच आईबापाची लेकरं सारखी का नसतात, कुणाच्या कानाची पाळी सुटी तर कुणाची चिकटलेली का. परतीच्या एसटीत कंडक्टरचे कान मी इतके निरखले की तो म्हणाला, "गुरुजी, माझ्या कानात काय हाय ओ?" पुढं दिवाळीत तुम्हालाही सोडलं नाही. कंदापासून लावलेली केळ म्हणजे आईचीच नक्कल, असं मी ऐकवलं, तर तुम्ही म्हणालात, "आमच्या केळीला बाप न्हाई, तरी घड धरतीच की." तेव्हाच मी गप्प बसायला हवं होतं.

गेल्या आठवड्यात वर्गात जवळच्या नात्यातल्या लग्नांपाशी आलो. लातूरला सांगितलं होतं की दोन्हीकडे एकच दोष लपलेला असेल, तर तो लेकरात उघड होण्याची शक्यता वाढते. मी 'असेल तर'ही खाल्लं आणि 'शक्यता'ही खाल्ली, आणि फळ्यावर खडू आपटून सांगितलं, दोष येतोच. त्यावर शेजारच्या चांगुणाबाईंची उमा उठली. "सर, तुमच्या बाई बी तुमच्या मामाच्याच लेक हायत न्हाई का?" वर्ग हसला. मामा, तिथं मीही हसायला हवं होतं. पण हातात खडू असला की मला माघार घेता येत नाही. "हो, आणि ती चूकच झाली," असं म्हणून बसलो.

उमानं ते आईला सांगितलं आणि आईनं टँकरच्या रांगेला. रांगेत घागरी हलत नव्हत्या, बातमी मात्र चालत होती. शेवटी उभ्या असलेल्या सिंधुपर्यंत ती पोचली तेव्हा, मास्तर बायको करून पस्तावलेत आणि पोटातलं लेकरू वेडंवाकडं निघणार असं सांगून राहिलेत, इथवर तिची वाढ झाली होती. मी घरी आलो तर सिंधु नव्हती. रांजण, घागरी, माझा तांब्यासुद्धा काठोकाठ भरून गेली होती. सातवा महिना लागलेली बाई! त्या पाण्याला तोंड लावायची मला लाज वाटली. (मग प्यालो. लाज आणि तहान यांत प्रभावी कोण, तेही शिकलो.)

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांनी दोन्ही घरांतल्या लेकरांची चौकशी केली. सगळी धडधाकट आहेत म्हटल्यावर म्हणाल्या, "बहुतेक नात्यातल्या लग्नांत लेकरं चांगलीच होतात. तपासत राहा, पण तिला घाबरवू नका." मी वर्गात जाऊन फळा पुसला आणि माझं चुकलं असं उमासमोर सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही. ते जास्त लागलं.

आपला भाचा (जावई लिहायचा धीर होत नाही),
भुजंग

ता. क. रविवारी येतो आहे. मामींनी दाराशी काठी ठेवली असेल तर राहू द्यावी.

आणखी ता. क. मामांचा चष्मा बैलाच्या पायाखाली गेल्यापासून घरातली पत्रं कोण वाचून दाखवतं, ते मला ठाऊक आहे. तेव्हा सिंधु, तुझ्या आबांना 'बाकी सगळं ठीक' एवढं सांग आणि पुढचं मनातच वाच. चूक वर्गात झाली, लग्नात नाही. मी न्यायला येत नाही, बाळंतपण तिथंच होऊ दे. त्या रांगेत तू एकटीच ते सगळं ऐकत उभी होतीस. तुला भीती वाटते का, एवढंच विचारायला येतो आहे. मला वाटते.