पान उघडंच ठेवलं आहे

३ जुलै
गौरीने भरतीचा अर्ज भरायला घेतला. तलाठ्याची जागा. नातीची ही तिसरी खेप. या वेळी नाही झालं तर लग्न करून टाकतो, असं तिच्या बापाने, म्हणजे माझ्याच पोराने, गावाहून कळवलं आहे. अर्जात एक चौकोन: भूकंपग्रस्त आहात काय? गौ. ने 'होय' केलं. आता दाखला पाहिजे, आणि दाखल्याला पुनर्वसनाच्या रजिस्टरचं पान.
कचेरीत गेलो. रजिस्टर बांधून ठेवलंय, सगळं ऑनलाइन झालंय बाबा, तिथं बघा, म्हणाले. तिथं म्हणजे कुठं, ते सांगितलं नाही.

४ जुलै
आमच्या गल्लीत इरफान पोरांचे अर्ज भरून देतो. ट्रंकेतली नव्या घराची पावती नेली. तिच्यावरचा नंबर घालून त्याने माझ्या मोबाइलवर लिंक पाठवली. ब्राउझरमध्ये उघडा, चाचा. पावती कुणाला देऊ नका, ह्या नंबराबिगर पान निघत न्हाई, असं दोनदा बजावलं.
उघडलं. पांढरा पडदा नुसता. मधे चाक फिरतं. पाऊण तास पाहिलं.

६ जुलै
चाक. सकाळी, जेवण झाल्यावर, पाच वाजता.
गौ. च्या अभ्यासासाठी शहरात घेतलेल्या ह्या खोलीखाली क्लास आहे. माइकवरून फिजिक्स शिकवतात, भिंत थरथरते. इतकी वर्षं झाली, अजून भिंतीला पाठ लावत नाही. दाराशी बसतो. गौ. हसते. म्हणते, अप्पा, तुम्ही बघून राहिलात म्हणून ते लाजून राहिलंय.

८ जुलै
दुपारी उघडलं. एकदम.
वाकडं पान. कडेला धरणाऱ्याच्या बोटाचा फोटोसुद्धा आला आहे. दोन बोटांनी मोठं करून वाचलं. आमचा घर नंबर. कुटुंबप्रमुख: वैनीचं नाव. खाली मी, ही, आणि आमचा मुलगा.
मला वाटत होतं मीच असेन. मग आठवलं. दादा भूकंपाच्या पहाटे गेला. पत्र्याच्या शेडमध्ये नावं लिहून घेत होते. मीच बोललो होतो, साहेब, भावाची बायको मोठी आहे, तिचं नाव वर घाला, सगळ्यांचं एकत्र करा. एकत्र केल्याने घर मोठं मिळालं. पुढं वैनी पोरीकडे देगलूरला गेली ती तिकडचीच झाली. घरात मी राहिलो. घरपट्टीची पावती माझ्या नावाने येते. विसरलोच म्हणा.
विसरलो का?

९ जुलै
पान बंद केलेलं नाही. चार दिवसांनी उघडलं आहे, मिटलं तर परत कधी? मोबाइल चार्जरला लावून त्याच्याजवळ बसलो. भाजीला गेलो नाही. पिठलं केलं. फोन आला की पान जातं की काय म्हणून आधी तेच बघतो.
गौ. म्हणाली, बंद केलं तरी ते तिथंच असतंय की.
कुठं?
तिथंच.
हे काही उत्तर झालं नाही. तिला अजून वाचू दिलेलं नाही. अक्षर लागत नाही म्हणालो.

१० जुलै
इरफानकडे. विचारलं तसं, दुसऱ्याचं म्हणून. म्हणाला, एका घराला एकच दाखला. कुणाला द्यायचा ते कुटुंबप्रमुख ठरवणार. त्याची सही नाहीतर अंगठा.
"प्रमुख जित्ता हाय ना?"
हाय, म्हणालो. लई जित्ता हाय.

११ जुलै
वैनीचा फोन. तिचा नातू महेश नांदेडला क्लास करतो. त्यानेही तोच अर्ज भरला आहे. तोच चौकोन.
"भाऊजी, पावती तुमच्याकडं हाय म्हणून महेश म्हणत होता. पान उघडलं का? वर कुणाचं नाव हाय?"
मोबाइल कानाला, पान त्याच मोबाइलमध्ये. मी म्हणालो, अजून उघडंना, वैनी. चाक फिरून राहिलंय.
म्हणाली, फिरू द्या. घाई करू नका.

१२ जुलै
काल रात्री धास्तीने पान मिटवलं. आज पाहावं म्हणून बोट लावलं तर लगेच उघडलं. परत मिटवलं, परत उघडलं. सात वेळा. एकदाही अडलं नाही. आता अडलं असतं तर वैनीला सांगितलेलं खोटं तरी पडलं नसतं.

१४ जुलै
मी अंघोळीला गेलो तेवढ्यात गौ. ने पान वाचलं. तिला अक्षर लागलं.
"थोरल्या आजीला सांगितलं का?"
सांगितलं.
"मग?"
बघू म्हणाली.
तिने वही उचलली. मग क्लासला गेली. संध्याकाळी जेवली नाही, पोट दुखतं म्हणाली. तिने पुढं विचारलं असतं तर सुटलो असतो. विचारलं नाही.

१६ जुलै
अर्जाला चार दिवस उरले. इरफानने संमतीचा कागद करून दिला आहे: 'मी कुटुंबप्रमुख राजीखुशीने गौरी हिचे नाव देत आहे.' खाली अंगठ्यापुरती जागा. शाईची डबी त्यानेच दिली, परत आणून द्या म्हणाला.
वैनी वाचत नाही. मी म्हणेन तिथं अंगठा लावेल. शेडमध्येही असाच लावला होता.
भात लागला. तसाच खाल्ला.

१७ जुलै
वैनीचा परत फोन. आवाज खोल गेला आहे.
"वर तुमचं नाव असलं तर गौरीला द्या, मी महेशला समजावते. माझं असलं तर दोघं पोरं समोर बसवू, बोलू. तुम्ही या अन् वाचून दाखवा. तुम्ही वाचलेलं मला खरं."
शेवटचं वाक्य बोलली नसती तर बरं झालं असतं.
गौ. ला म्हणालो, देगलूरला जाऊन येतो. तिने पिशवी भरून दिली. कागद आणि शाईची डबी तिनेच वर ठेवली. डबी कशाला, हे विचारलं नाही.

१८ जुलै, देगलूर
उदगीरवरून आलो. एस.टी.त सगळा वेळ पान उघडं. रेंज गेली तरी गेलं नाही.
वैनी वाळली आहे. शेजारी भिंतीपाशी बसायला जागा दिली, मी उंबऱ्याकडे सरकलो. ती म्हणाली, तुमचं अजून तसंच हाय का, माझं बी तसंच हाय. तीही सरकली. तिची पोरगी शाळेवर गेलेली, घरात दोघंच.
मोबाइल तिच्या पुढ्यात धरला. तिने पदराने काच पुसली. म्हणाली, वाचा.
मी खालून वाचायला लागलो. आधी मुलगा. मग ही. हिचं नाव ऐकून वैनीने हात जोडले. मग मी.
"आता वर?"
चहा टाका आधी, म्हणालो.
उठली. आत दुधाचं भांडं ठेवल्याचा आवाज येतो आहे. पान समोर उघडं आहे, पिशवी पायाशी. तेवढ्यात हे लिहितो आहे. तिने विचारलं, भाऊजी, साखर किती? दोन चमचे, म्हणालो. डबी पिशवीत तळाशी सारली, पान उघडंच ठेवलं आहे.