चंद्रभानाचा गुडघा

माघ शुद्ध ३, शके १७८५. अमरावती

शिसारी आली! चंद्रभान वखारीत टांगलेल्या बोऱ्यात उभा राहून कापूस तुडवायचा. पौषात दोर तुटला, पाठीवर आपटला. तेव्हापासून कमरेखाली सगळे मेलेले – सुई टोचली तरी कळत नाही. पाठीला जखमा, घाण वास. आणि वखारीचे मालक बापूसाहेब नाकाला उपरणे लावून म्हणतात, "ढोंग आहे! बाज हलली की पाय झाडतो, मी पाहिलंय." मी डॉक्टर म्हणून 'ढोंगी' असा दाखला दिला, की त्याची वखारीतली खोली रिकामी करून घेणार.

शुद्ध ४

गुडघ्याच्या वाटीखाली मारून पाहिले. पाय ताडकन उडाला! बापूसाहेब खूश. चंद्रभानाची बायको जमुनाही खूश – "पाय जिता हाय ना, डागदर!" मी दाखला लिहून दिला. ढोंगी. खाली माझी सही.

शुद्ध ५

अन्न गोड लागले नाही.

शुद्ध ७

दवाखान्यात उंच बाकावर बसलो होतो, पाय लोंबकळत. सहज खलाचा बत्ता वाटीखाली मारला. माझाही पाय उडाला! आता उडू द्यायचाच नाही म्हणून पुन्हा मारला. उडालाच!

शिकताना साहेब मुंडके छाटलेल्या बेडकाचा पाय आखडताना दाखवायचा. मला ओकारी यायची, मी बाहेर पळायचो. तिथेच थांबायला हवे होते! वाटीखाली ठोकले की मांडीचा स्नायू ताणला जातो, खबर पाठीच्या कण्यात जाते आणि हुकूम तिथूनच परत येतो. डोक्याला विचारतो कोण? चंद्रभानाचा कणा वर तुटला, खालचा तुकडा आपला कारभार करतोच आहे. आणि मी त्याला ढोंगी लिहिले. थू माझ्या विद्येवर!

शुद्ध ८

बापूसाहेबांना चंद्रभानाच्या बाजेसमोर कापसाच्या गठ्ठ्यावर बसवले. वाटीखाली बत्ता मारला. पायातला जोडा उडून हमालांत पडला!

"मी नाही उडवला!" ते ओरडले.

"त्यानेही नाही," मी म्हटले, आणि दाखला मागून घेऊन सगळ्यांदेखत फाडला. आता कोणत्या तोंडाने काढतील? खोली राहिली. हमाल हसत होते. जमुना तेवढी नवऱ्याच्या गुडघ्याकडे बघत होती.

शुद्ध १०

सकाळीच जमुना दारात. मी पहिल्यांदा ठोकले त्या दिवसापासून रोज "जिता हाय ना?" विचारून नवऱ्याचा गुडघा ठोकत होती म्हणे.

"तुमी म्हनलं, थो पाय उडवत नाई. मंग डागदर, इतके दिवस मले जबाब कोन देऊन रायलं होतं?"