मधल्या काळाची सोय

"इथे मला कुणी काही विचारत नाही, म्हणून बरं वाटतं."

नऊ वर्षांपूर्वी एका बुधवारी सकाळी, संग्रहालयाच्या तिसऱ्या दालनातल्या बाकावर बसून माझी आई हे म्हणाली. विस्मरणाचा आजार जडून तेव्हा तिला तीन वर्षे झाली होती. हा कागद याच वाक्याने सुरू करायचा, असा मी हट्ट धरला. वकीलबाईंना तो पसंत नाही. "आधी वय, व्यवसाय, मग शुद्धीत असल्याचं. भावना शेवटी, जागा उरली तर," असे त्या म्हणाल्या. तरी त्यांनी ते खोडलेले नाही.

तर, मी, वय वर्षे अठ्ठेचाळीस, संग्रहालयाच्या जतन विभागात बावीस वर्षे मातीची फुटकी भांडी जोडणारी, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. त्यासाठी मी घड्याळाचे चित्र काढले, शंभरातून सात-सात वजा केले आणि 'डबी, नदी, खुर्ची' हे तीन शब्द दहा मिनिटे सांभाळून परत केले. त्याच डॉक्टरांनी दिलेला दुसरा कागदही माझ्याकडे आहे. आईचा आजार माझ्यातही सुरू झाला आहे, आणि तिच्यापेक्षा बराच लवकर, असे त्यात लिहिले आहे. दोन्ही कागद खरे आहेत. म्हणून घाई.

मृत्युपत्र मरणानंतर लागू होते, हे वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत समजावले. मी म्हटले, "मेल्यानंतरची मला काळजी नाही हो. माझी अडचण मधल्या काळाची आहे. मी असेन, पण मला काय हवंय ते सांगता येणार नाही, तेव्हाची."

"त्याला वेगळा कागद असतो, तो आपण करू," त्या म्हणाल्या. "मनातलं लिहायचं तर इथेही लिहा. पण ते कुणावर बंधनकारक नाही, एवढं लक्षात ठेवा."

ठेवते. जमेल तितके दिवस.

म्हणून आधी ही सूचना: हे पाकीट माझ्या लेकीने मी गेल्यावर उघडायचे नाही. ज्या दिवशी मी तिला ओळखणार नाही, त्या दिवशी उघडायचे.

१. घर. दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या दोन खोल्या, त्यातल्या सामानासह, मी माझ्या एकुलत्या एका लेकीला देते. ती दुसऱ्या शहरात पूल बांधते. हे काम सोडून तिने माझ्यापाशी येऊन राहू नये. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी अडली तर ओढायची नाही, आधी बाहेर ढकलायची. हे तिला चार वेळा सांगूनही तिने दोन कड्या तोडल्या आहेत. तिच्या वडिलांपासून मी रीतसर वेगळी होऊन चौदा वर्षे झाली. त्यांना काही द्यायचे नाही, त्यांच्याकडून काही घ्यायचे नाही. फक्त त्यांची छत्री दाराआड आहे, ती त्यांनी एकदाची न्यावी.

२. बँकेतली शिल्लक. अर्धी लेकीला. अर्धी संग्रहालयाला, पण बुधवारच्या तासासाठीच. तिच्यातून नव्या इमारतीची कोनशिला, मान्यवरांचा चहा किंवा साहेबांची तसबीर यांतले काहीही होऊ नये.

हा बुधवारचा तास काय, ते लिहिते, कारण माझ्यानंतर आमचे साहेब तो बंद करतील अशी मला धास्ती आहे. आईला घरी एकटे ठेवता येईना, तेव्हा मी तिला कामावर नेऊ लागले. ती तिसऱ्या दालनात मडक्यांसमोर तासन् तास शांत बसे. घरी तिची बोटे सारखी पदराशी चाळा करत. इथे ती मांडीवर स्वस्थ असत. मग मी साहेबांकडे गेले आणि म्हटले, अशी माणसे गावात खूप आहेत. आठवड्यातून एक तास, दार उघडायच्या आधी, फक्त त्यांच्यासाठी ठेवू या.

साहेब म्हणाले, "बाई, ज्यांना घरचा पत्ता आठवत नाही त्यांना हजार वर्षांपूर्वीचं काय दाखवणार? संध्याकाळपर्यंत विसरतील."

मी म्हटले, "शाळेची मुलं तर फाटकातच विसरतात, साहेब. त्यांना आपण बसने आणतो."

ते हसले आणि हसल्यामुळे अडकले. तास मिळाला.

पहिल्याच बुधवारी मी चूक केली, ती इथे नोंदवते. सात जण येणार होते, आपापल्या घरच्यांबरोबर. त्यांच्यासाठी म्हणून मी हौसेने दाराशी नवे पायपुसणे घालून घेतले. दार व्यापेल एवढे मोठे, काळेभोर, मधोमध पांढऱ्या अक्षरांत 'स्वागत'. सातही जण त्याच्या काठाशी येऊन थांबले. सर्वांत पुढे एक निवृत्त पोस्टमन होते. ते म्हणाले, "खड्डा आहे."

तिसऱ्या दालनाची पहारेकरीण त्यावर जाऊन उभी राहिली. उडी मारूनही दाखवली. "बघा काका, काही नाही!"

"तू तरुण आहेस, बाई," मागून माझी आई म्हणाली. "तुला जमतं तरंगायला."

पोस्टमनकाकांचा मुलगा त्यांना दंड धरून ओढू लागला. ते रडू लागले. या आजारात फिकट फरशीवरचा काळा चौकोन कित्येकांना खोल भोक वाटतो, हे मला ठाऊक नव्हते आणि मी कोणाला विचारलेही नव्हते. शेवटी पहारेकरणीने ते पायपुसणे गुंडाळून बगलेत मारले आणि सातही जण चालत आत गेले, जणू काही घडलेच नव्हते. पुढे आम्ही एकेक शिकत गेलो. चकचकीत फरशी त्यांना ओली वाटते. काचेच्या पेटीत स्वतःचा चेहरा दिसला की आत कोणीतरी कोंडलेय असे वाटते. बाकाला हात नसतील तर बसलेला माणूस उठायला घाबरतो. एका सकाळी पाच वस्तू पुरतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, कोणालाही 'आठवतं का?' असे विचारायचे नाही. 'हे बघून कसं वाटतं?' एवढेच विचारायचे, आणि उत्तर आले नाही तर आपणही बघत बसायचे.

माझ्या पैशांतून हात असलेली बाके, न चमकणारी फरशी, स्वच्छतागृहाच्या दारावर मोठे चित्र आणि ज्यांना आणणारे कोणी नाही त्यांच्यासाठी गाडी, एवढे करावे.

३. अल्बम. घरातला कुटुंबाचा फोटोंचा अल्बम मी माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला देते, आणि तो माझ्यासमोर कधीही उघडू नये अशी अट घालते. दादा दर रविवारी आईकडे येई आणि अल्बम मांडीवर घेऊन तिची परीक्षा घेई. "हा कोण? आणि ही? बरं, मी कोण ते तरी सांग." आई घाबरून पानाकडे बघे. एकदा ती हात जोडून म्हणाली, "मास्तर, या वेळी माझा अभ्यास झालेला नाही." दादा बाहेर येऊन माझ्यावरच ओरडला, "तू तिच्याकडून काही करून घेत नाहीस, म्हणून ती विसरतेय." तो राग मी नऊ वर्षे धरून आहे. दादा, तिने तुला एकदा तरी 'बाळ' म्हणावे एवढेच तुला हवे होते, हे मला कळत होते. तरीही मी राग सोडलेला नाही. आता आजारच तो विसरायला लावील, तेव्हा मी तुला माफ केले असे श्रेय मला देऊ नये.

४. हत्यारे. माझे कुंचले, बांबूच्या काड्या, भिंग, आणि जोडलेले भांडे सुकेपर्यंत उभे ठेवण्याचा वाळूचा ट्रे, हे सर्व माझ्या विभागातल्या सहकारणीला, जिला सगळे 'चष्मा' म्हणतात. तिने ट्रेमधली वाळू बदलू नये. ती चाळून चाळून मऊ व्हायला दहा वर्षे लागली आहेत. आमच्या कामाचा नियम तिला माहीत आहे, तरी लिहिते. भांड्याचा तुकडा हरवला असेल तर ती जागा आपण भरतो, पण एक छटा फिकट. बघणाऱ्याला कळले पाहिजे की इथे मूळचे नाही. खोटे बेमालूम करायचे नाही.

हा नियम मी भांड्यांना बावीस वर्षे लावला. आईला लावायला मला उशीर झाला. तिच्यातले काय हरवले तेवढेच मी बघत राहिले, मूळचे काय उरले आहे ते नाही. एकदा तिने माझ्या टेबलावरचा नुकताच जोडलेला वाडगा उचलला. मी किंचाळले, "आई, ठेव! अमूल्य आहे तो!" तिने ठेवला. "मी काय फोडणार होते?" एवढेच म्हणाली. तिने तो दोन्ही हातांनी, तळाखाली बोटे देऊन धरला होता, जसा धरायला मी नव्या लोकांना आठवडाभर शिकवते. मी तिचे हात बघितलेच नाहीत, वाडगाच बघितला. त्या हातांची आठवण आता मला दिवसातून कितीदा तरी येते. नंतर आम्ही बुधवारी ज्यांची नोंद नाही असे तुकडे एका टेबलावर ठेवू लागलो, कोणीही हातात घ्यावेत असे. आई तेव्हा होती, पण तिची बोटे वाकेनाशी झाली होती.

५. मधला काळ. हे कलम कोणावर बंधनकारक नाही.

माझी इच्छा अशी आहे की, मी ओळखेनाशी झाले तरी मला दर बुधवारी संग्रहालयात न्यावे. लेक याला तयार नाही. गेल्या महिन्यात फोनवर ती म्हणाली, "आई, तिथे नको. दुसरीकडे कुठेही नेईन. तिथे सगळे तुझ्या ओळखीचे. चष्मामावशी, साहेब, सगळे. जिथे तू मान वर करून चाललीस तिथे तुला हाताला धरून फिरवू?"

"मग कुठे धरणार, पायाला?" मी म्हटले. ती हसली नाही.

"लोक बघतील गं."

"बघू देत. बघायलाच तर येतात."

तिने फोन ठेवला. पाच मिनिटांनी पुन्हा केला आणि जेवलीस का, असे विचारले. ती माझी अब्रू सांभाळते आहे. पण मला अब्रूपेक्षा तो बाक हवा आहे. त्याचे कारण मी आजवर कोणाला सांगितलेले नाही, ते इथे लिहिते.

आईच्या शेवटच्या वर्षातला एक बुधवार. मी मागून "आई" अशी हाक मारली. ती दचकून चहूकडे बघू लागली. इथे कोणाची आई हरवलीय, हे ती शोधत होती. तिच्या चेहऱ्यावरची ती धांदल मला बघवेना. मी पुन्हा हाक न मारता तिच्याशेजारी जाऊन बसले. काही वेळाने तिनेच विचारले, "तुम्ही नेहमी येता का इथे?"

मी म्हटले, "हो, येते अधूनमधून."

"माझी मुलगी इथेच कामाला आहे," ती म्हणाली. "फुटलेलं जोडते. लहानपणी घरातल्या सगळ्या कपबश्या तिनेच फोडल्या, आता भरपाई करतेय." ती स्वतःशीच हसली. "रागावते माझ्यावर. पण काम फार जिवाभावाने करते. तिला हे मी कधी सांगितलं नाही. सांगायला हवं, नाही का?"

मी म्हटले, "सांगा की."

"आली की सांगते," ती म्हणाली, आणि दाराकडे बघत बसली.

मी आले नाही. मी तिच्या शेजारीच होते. आयुष्यात पहिल्यांदा मला कळले की माझ्या पाठीमागे ती माझ्याबद्दल काय बोलते. ओळख पटली असती तर हे ऐकायला मिळाले नसते. घरी ती पुन्हा घाबरलेली, हरवलेली असे. तो बाकच तेवढा असा होता, जिथे तिला काही सिद्ध करायचे नव्हते.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. यानंतर केलेच, तर आधी डॉक्टरांचा ताजा दाखला मागावा.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. माझी वेताची खुर्ची मी पहारेकरणीला देणार होते, पण ती म्हणाली, "खुर्ची राहू दे ताई, मी सही करते. बसायची सवय असती तर पहारेकरी कशाला झाले असते?" खुर्ची आता लेकीकडेच राहील.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मला समजला आणि तो माझाच आहे. खाली दोघांसमोर सही केली. दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर केली.

सही: (जतन विभागाच्या नोंदवहीत करते तीच)

साक्षीदार पहिली: तिसऱ्या दालनाची पहारेकरीण

साक्षीदार दुसरे: तळमजल्यावरचे शिंपी, शेजारी

स्थळ: राहत्या घरी, खिडकीजवळच्या टेबलाशी

दिनांक: १८ फेब्रुवारी २०२६, बुधवार

सह्या झाल्यावर, माझ्या हाताने:

लेकी, तू नेशील मला तिथे. कुरकुर करशील, पण नेशील, तेवढी मी तुला ओळखते. मागायचे आहे ते याहून अवघड आहे, आणि त्याला तू नाहीच म्हणणार. म्हणशील, 'माझा तो हक्क आहे, तेवढं एकच तर उरलंय माझ्याकडे.' खरे आहे. तरी मागते. माझ्याशेजारी परकी होऊन बस. माझ्या पोटात तुझ्याबद्दल जे साठले आहे ते मी तुला तोंडावर कधी सांगू शकले नाही. अनोळखी बाईला कदाचित सांगेन. दर बुधवारी, तो एक तास, मला आई म्हणू नकोस.