रस चालला, तू नाही

आई, रविवारी रावेतच्या हॉलमध्ये स्टेजवरून तुझं नाव घेतलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. घरात बोलावं तर 'झालं गेलं, सोड आता' म्हणतात, म्हणून तुलाच लिहितेय. तू जाऊन इतकी वर्षं झाली की माझेही केस पिकले. राग मात्र जसाच्या तसा आहे बघ.

पिंपरीचं आपलं दोन खोल्यांचं घर. उद्या चर्चमध्ये प्रभुभोजन, पावाबरोबर द्यायच्या द्राक्षरसासाठी शनिवारी दुपारी तू भिजवलेल्या काळ्या मनुका मंद गॅसवर उकळतेयस. बाबा फर्स्ट शिफ्ट करून आडवे झालेत. मी चमचा बुडवला की हातावर फटका बसतो, हा चर्चच्या मंडळीचा आहे म्हणून. रस गार झाला की पांढऱ्या फडक्यातून गाळायचा, बाटली भरायची. दुसऱ्या दिवशी सगळी मंडळी गुडघे टेकून छोट्या पेल्यांतून जे प्यायची, ते तुझ्या ओट्यावरून गेलेलं असायचं. मला त्याचा केवढा तोरा होता.

मग मावशीच्या सांगण्यावरून तू बुडवून बाप्तिस्मा घेतलास. तिची मंडळी चिखलीत एका वर्कशॉपच्या शेडमध्ये भरायची. निळ्या प्लास्टिकच्या टाकीत, साडीला पिना लावून, त्या वयात तू उतरलीस. तान्ही असताना गावच्या चर्चमध्ये तुझ्या कपाळावर पाणी घातलं होतं, ते तुला खोटं वाटत होतं असं मुळीच नाही. सकाळी आपल्या चर्चमध्ये जाऊ, संध्याकाळी तिकडे, त्यात काय एवढं, असा तुझा हिशेब. भोळी गं तू. आपल्या चर्चच्या कमिटीनं ठरवलं की दुसरा बाप्तिस्मा म्हणजे पहिल्याचा अपमान, चूक कबूल करेपर्यंत प्रभुभोजन बंद. मावशीचे पास्टर म्हणाले, आधी त्यांच्याकडे जाणं सोडा, मग आमच्याकडे घ्या. तू दोन्हीकडे मागच्या बाकावर बसत राहिलीस. आणि एवढं करून शनिवारी कमिटीचा माणूस रिकामी बाटली घेऊन आपल्या दारात. रस चालत होता, तू चालत नव्हतीस. मी म्हटलं, सांग त्याला, दुकानातून आणा म्हणावं. तू बाटली धुतलीस आणि मनुका भिजत घातल्यास. त्या दिवशी मला तुझाही राग आला होता.

तुझं दुखणं वाढलं, तू अंथरुणाला खिळलीस, तेव्हा एकच मागणं धरून बसलीस. जायच्या आधी एकदा प्रभुभोजन घ्यायचंय. मी दोन्हीकडे निरोप दिला आणि नेमके दोघं एकाच दुपारी आले, आपले पाळकसाहेब आणि मावशीचे पास्टर. बाहेरच्या खोलीत मी चहा-पोहे दिले. तू आत, मध्ये नुसता पडदा. पाळकसाहेबांचं म्हणणं, टाकीतला बाप्तिस्मा चुकला एवढं बाईंनी म्हणावं, मी लगेच देतो. पास्टरांचं म्हणणं, लहानपणचा तो बाप्तिस्माच नव्हता एवढं म्हणावं, मी आत्ता देतो. दोघांच्या पिशवीत प्रभुभोजनाचं सगळं सामान होतं. पोहे गार होईपर्यंत त्यांचा वाद चालला, अगदी सभ्य, एकमेकांना 'बंधू' म्हणत. मग दोघं आत आले तर तू डोळे उघडून म्हणालीस, "एकदा माझ्या आईनं मला प्रभूच्या हातात दिलं, एकदा माझी मी गेले. कोणतं खोटं म्हनू?"

बाहेर येऊन चपला घालताना दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि म्हणाले, बाईंनी मन कठीण केलंय. तेवढ्यावर मात्र त्यांचं एकमत झालं.

ते गेल्यावर तू मला म्हणालीस, "तू दे." मी म्हटलं, मला कुठं अधिकार आहे. "तू दे गं." फ्रिजमध्ये त्यांच्याच येत्या रविवारसाठी, तुझ्या सांगण्यावरून मी गाळलेल्या रसाची बाटली होती. स्टीलच्या वाटीत रस घेतला, पावाचा तुकडा मोडला. जन्मभर ऐकलेले शब्द मी मध्येच विसरले, ते पुढे तूच म्हटलेस. तुझ्या हनुवटीवर ओघळ आला, तो मी पदरानं पुसला. त्यानंतर तू फार दिवस राहिली नाहीस.

आणि परवा रावेतला ही ऐक्य सभा. सगळ्या मंडळ्या एका छताखाली, मागे मोठा बॅनर. बिर्याणी एका पातेल्यातली चालली, प्रभुभोजन मात्र ज्यानं त्यानं आपापल्या मंडळीत घ्यायचं असं आधीच ठरलेलं. नवे पाळक माईकवर म्हणाले, आपली ही भगिनी दोन्ही मंडळ्यांची लाडकी होती, शेवटपर्यंत प्रभुभोजनाच्या मेजाशी राहिली. पहिल्या रांगेत आपले ते जुने पाळकसाहेब, आता फार थकलेत, मान डोलवत होते. मला वाटलं उठावं, माईक हिसकावून घ्यावा आणि सांगावं की हिला शेवटचा घास कुणी दिला आणि कुणी दिला नाही.

मी उठले नाही, आई. इथं कुणाला काही सांगणार नाही, हे लिहिलेलंही दाखवणार नाही. अधिकार नसताना मी तुला ते दिलं हे लोकांना कळलं तर माझंही प्रभुभोजन बंद करतील. ज्यांच्यावर एवढी चिडते, त्यांच्याच हातून मला ते अजून हवं असतं.