वैशाखातले कोरडे पाय

मास्तर,

खाणीच्या पंपाचा आवाज पुन्हा सुरू झालाय. या खेपेला तो आमच्या घरामागच्या डोंगरातून येतो. दुपारी जेवायला बसलं की सुरुंग उडतो, तांब्यातलं पाणी थरथरतं. सून दचकून वर बघते, मी बघत नाही. पुढचं मला पाठ आहे: आधी झर बारीक होईल, मग पोफळी शेंड्याकडून पिवळ्या पडतील, मग कुणीतरी म्हणेल, अर्ज करूया. तेही काल झालं. वाड्यावरच्या दोन बायका मसुदा तपासायला घेऊन आल्या. तुमची विद्यार्थिनी म्हणून माझा अजून थोडा दबदबा आहे.

तुम्ही सावंतवाडीकडून आमच्या डिचोलीतल्या मराठी शाळेत आलात. निबंधात विशेषण दिसलं की तुमची पेन्सिल उठायची. ‘डोंगर रडतो आहे’ असं मी लिहिलं, तर भर वर्गात विचारलंत, कुठच्या डोळ्याने? मी आठवडाभर रुसले होते. खाणीविरुद्धचा पहिला अर्ज आमच्याच ओसरीवर लिहिला, तेव्हा मी शाळा संपवून घरी बसलेली, अक्षर बरं म्हणून लिहायला माझीच नेमणूक. लोक कंपनीला शिव्या घालतायत आणि तुम्ही शांतपणे एकेक शिवी बाजूला काढताय. “सायबाक रडणां नको, कारण होया,” म्हणालात. खड्डा झरीपेक्षा खोल. पंप खड्ड्यातलं पाणी उपसतो. म्हणून झर आटते. तीन वाक्यं, एकमेकांना घट्ट धरून. मी ती कितीदा तरी वाचली. तेवढ्यात चुलीकडून आई म्हणाली, “राखणदाराचो रोट दवरूंक गेल्यार दर वर्सा पांय भिजताले. औंदूं सुके उरले.” देवाच्या रोटाचं आणि यंदा कोरड्या राहिलेल्या पायांचं ऐकून कुणीतरी हसलं. तुम्ही म्हणालात, लिहून घे. मी कच्च्या मसुद्यात लिहून घेतलं.

कंपनीचं उत्तर आलं ते तुमच्यापेक्षाही नीट लिहिलेलं होतं. पंप बसण्याआधी झर ऐन उन्हाळ्यात वाहत होती याचा दाखला अर्जात नाही. म्हणून ती पंपाने आटली असं म्हणता येत नाही. तुमचंच हत्यार, तुमच्यावरच उलटलेलं. अर्ज निकालात निघाला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही थेट आमच्या स्वयंपाकघरात आलात. आईने चहा दिला, मी पावाचा उंडो कापायला घेतला. तुम्ही कशालाच हात लावला नाहीत. रोट कुठे ठेवतात, विचारलंत. झरीच्या मधोमध, फातरावर. कधी? वैशाखात. म्हणजे ऐन वैशाखात पाण्यात उतरल्याशिवाय तो रोट ठेवताच येत नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या गाव देवाच्या निमित्ताने दर वर्षी त्या झरीचं पाणी बघत होतं, आणि अर्जात त्याचा शब्द नव्हता. “वयनी, ह्योच तर दाखलो होतो,” तुम्ही म्हणालात. “मीच तां खोडलंय. चूक माझी.”

दोन वर्षांत पोफळींचं कुळागर वाळलं. शिकलेल्याने घात केला, असं लोक तुमच्या तोंडावर बोलायला लागले. तुम्ही पेडण्याला बदली मागून घेतलीत आणि पुढे तिथेच वारलात. बातमी कळली तेव्हा आई म्हणाली, “मास्तर बरो मनीस, पूण ताका देव कळ्ळो ना.” मी मान हलवली.

काल त्या मसुद्यात एक ओळ होती: यंदा चतुर्थीला गणपतीवरच्या माटोळीत बांधायला डोंगरावर कांगलां ही रानफळं मिळाली नाहीत. माझं पेन खोडायला उठलं. सवयच ती. मग मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, कुठे मिळायची, कुणी आणायचं, कधीपासून? त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. तरी भीती जात नाही. आणखी काय सुटलंय ते कंपनीलाच आधी दिसेल.

हे मी त्या मसुद्याच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहितेय. उद्या स्वच्छ प्रत जाईल, हे पान माझ्यापाशी राहील. मास्तर, त्या पहिल्या मसुद्यात तुम्ही आईचं वाक्य खोडलं नव्हतंत. त्याच्यापुढे पेन्सिलीने नुसतं प्रश्नचिन्ह केलं होतंत, म्हणजे आईला नीट विचार. एवढं मला कळत होतं. स्वच्छ प्रत करताना ते गाळलं मी. मामलेदार कचेरीत आईचा राखणदार मोठ्याने वाचला जाईल, याची मला लाज वाटली. चूक माझी, असं तुम्ही म्हणालात तेव्हा तुम्ही खरंच विसरला होतात की मला वाचवत होतात, हे मला आजतागायत माहीत नाही. तुम्ही हयात होतात, पेडणं काही लांब नव्हतं. मी विचारायला गेले नाही.