ध्यानस्थ पृथ्वीचं नाक

३ फेब्रुवारी
महिनाअखेरीआधी गॅलरीवाल्या बाई स्टुडिओ बघायला येणार. त्यांच्यासाठी शिल्प ठरलं: 'ध्यानस्थ पृथ्वी'. माणसाच्या उंचीचं. बायको म्हणाली, आपली विजेची भट्टी गुडघ्याएवढी आहे. बरं, बादलीएवढं करू. संकल्पना तीच.

५ फेब्रुवारी
वाचनालयाच्या हॉलमध्ये मातीकामाचा वर्ग. कला लोकांपर्यंत पोहोचलीच पाहिजे, शिवाय हॉल फुकट मिळतो. बजावून सांगितलं, वस्तू आतून पोकरा, खडखडीत वाळू द्या; ओली, जाड माती भट्टीत फुटते आणि शेजाऱ्यांनाही घेऊन जाते. सासूबाईसुद्धा आल्यात. आमच्या न्हाणीघरासाठी साबणदाणी करताहेत. तोंडावर कौतुक केलं.

१२ फेब्रुवारी
पृथ्वीचं नाक तीनदा बदललं. आता माझ्यासारखं दिसतं, हा योगायोग. आतून पोकरायचं राहिलं. पोकरलं तर आशय हलका होईल.

२० फेब्रुवारी, सकाळ
बाई परवा येणार. पृथ्वी हाताला अजून गार लागते. वर्गातल्या रिटायर्ड पोस्टमास्तरांनी विचारलं, सर, हे वाळलंय ना? मी नुसतं हसलो. वेगळी भट्टी लावायला वेळ कुठे आहे? वर्गाच्या वस्तूंना ग्लेझ, तो चकाकीचा लेप, लावून झालंय, आज त्या भाजायच्याच आहेत. त्यांच्या मधोमध पृथ्वी ठेवली. पोस्टमास्तरांचा मग जरा कडेला सरकवला.

दुपार
भट्टीतून धप्प आवाज. भट्टी बोलते कधीकधी.
पुन्हा धप्प. आज फारच बोलतेय.

२१ फेब्रुवारी
भट्टी उघडली. पृथ्वी नाही. म्हणजे आहे, पण सगळीकडे. ग्लेझ वितळलं तेव्हा तिचे तुकडे त्यात रुतून बसले, ज्याच्या त्याच्या वस्तूवर. पोस्टमास्तरांच्या मगाचा कान गेला. नातीसाठी केला होता. रुमालात गुंडाळून घेऊन गेले. फार वाईट वाटलं. व्होल्टेजचा दोष असणार. बायको म्हणाली, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पाषाण कोरडा असता तर फुटला असता का? पण तिला कोण सांगणार!

२२ फेब्रुवारी
बाई आल्या. टेबलावर तुकडे मांडले, नवं शीर्षक सांगितलं: 'विखुरलेली पृथ्वी'. चहा झाला. फोन करते म्हणाल्या. नंबर न घेताच गेल्या.

२६ फेब्रुवारी
वर्गाला फक्त सासूबाई. पोस्टमास्तरांना नवा मग करून देणार. नक्की. सोमवारपासून.
पृथ्वीचं नाक सापडलं. सासूबाईंच्या साबणदाणीत, मधोमध, घट्ट. छिन्नीने काढून देतो म्हणालो. नको म्हणाल्या, राहू दे जावईबापू, साबण आता घसरत नाही.

२७ फेब्रुवारी
आंघोळ केली. साबण नाकावर ठेवला.