जी बाई रडत नाही

९ फेब्रुवारी

तीर्थरूप काकांना,

सप्रेम नमस्कार.

पाठदुखी कशी आहे? काकू म्हणाल्या, बाकावर चढून पंखा पुसायला गेलात आणि आठ दिवस आडवे झालात. बाकावर चढायचं नाही हे शाळेतल्या पोरांना इतकी वर्षं सांगून हेडमास्तर स्वतःच चढतात, म्हणजे कमाल आहे.

आई बरी आहे. औषधाच्या दुकानात अजून मागच्याच खोलीत असते. खोकी उघडायची, बाटल्यांवरच्या तारखा बघायच्या, माल लावायचा. तुमच्या नातीचे, ताईच्या मुलीचे, फोटो पाहिले. नाक तुमच्यावर गेलंय बिचारीचं.

माझं शेवटचं वर्ष जोरात चालू आहे. शेजारी कुणी विचारलं की आई सांगते, 'ती खुनाचे सिनेमे शिकते.' मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय. खरा विषय असा, की थरारपटांचे ठरलेले नियम कोणते आणि लोकांना ते इतके का आवडतात. पैसे देऊन, अंधारात बसून, स्वतःला घाबरवून घ्यायला माणसं रांगा का लावतात? माझं उत्तर असं, की तिथं फुकटात हुशार होता येतं. खुर्चीत रेलून बोट दाखवायचं, 'हिनंच केलंय बघ!' चुकलं तरी आपलं काही जात नाही.

हे बोट चुकीच्या माणसाकडे वळवायचं, हा सगळ्यात जुना नियम. पहिल्या अर्ध्या सिनेमात एक निर्दोष माणूस संशयाला पुढे करायचा. वर्गात आम्ही त्याला बकरा म्हणतो. बकरा तयार करायला फार काही लागत नाही. त्याला कमी बोलायला लावा. चेहऱ्यावर उजेड एकाच बाजूनं टाका. हातात काहीतरी द्या, सुरी, दोरी, नाहीतर औषधाची बाटली. आणि बाई असेल तर तिला रडू देऊ नका. आमचे सर म्हणाले, "जी बाई रडत नाही, तिच्यावर प्रेक्षकाचा पहिल्यापासून संशय असतो." वर्ग हसला. मीही हसले, पण जरा उशिरा.

काका, बाबा गेले तेव्हा मी तिसरीत होते. लिफ्ट दुरुस्तीची पेटी घेऊन सकाळी कामावर गेले आणि परतले नाहीत, एवढंच मला घरून कळलं. बाकीचं गल्लीनं शिकवलं. आई दारात उभी राहून रडली नाही, हा तिचा पहिला गुन्हा. औषधाच्या दुकानात काम करते, हा दुसरा. 'हिला काय अवघड आहे? चिमूटभर पुडी पुरे.' मधल्या सुट्टीत मुली माझ्या डब्यात वाकून बघायच्या आणि मागे सरकायच्या. गिऱ्हाइकं म्हणायला लागली, 'हिच्या हातचं नको, मालकांना बोलवा.' मालक भला माणूस, त्यानं काढून टाकलं नाही. 'थोडे दिवस मागे बसा' म्हणाला. ते थोडे दिवस अजून सरायचे आहेत.

परीक्षेसाठी एक छोटा सिनेमा करायचा असतो. मी आईवर करतेय. म्हणून विचारते. पोलीस आले तेव्हा त्यांच्याशी बोलणारे मोठे माणूस तुम्हीच होतात. काय सांगितलंत त्यांना? आणि बाबांबद्दल आणखी काही, अगदी काहीही ठाऊक असेल तर मला कळवा. फोन नको, लिहाच. घाई नाही, पण वाट बघतेय.

जाता जाता, उन्हाळ्यातल्या शिक्षकांच्या शिबिराला यंदाही जाणार का? ते नेमकं कुठे भरतं, मी कधी विचारलंच नाही.

काकूंना नमस्कार.

तुमची,
ठमाकाकू (लहानपणी तुम्हीच ठेवलेलं नाव)


२ एप्रिल

काका,

कोपरापासून नमस्कार.

तुमचं उत्तर मिळालं. माझ्याकडे नाही, आमच्या विभागप्रमुखांकडे आलं. 'सदर विद्यार्थिनी भावनेच्या भरात एका प्रतिष्ठित कुटुंबाची अब्रू चव्हाट्यावर मांडत असून तिला वेळीच आवर घालावा.' सरांनी मला बोलावून ते वाचायला दिलं. म्हणाले, "तुझे काका फार सज्जन दिसतात. एवढं मोठं पत्र, पण शुद्धलेखनाची एक चूक नाही."

मी म्हटलं, "सर, त्यांच्या चुका कधीच दिसत नाहीत."

आता मागच्या पत्रात जे लिहिलं नाही ते लिहिते. ते पत्र लिहिलं तेव्हा मला सगळं माहीत होतं. तुम्हाला दार उघडून दिलं होतं, काका. तुम्ही आत आला नाहीत, उलट बाहेरून कडी घालायला गेलात.

जानेवारीत आम्ही चौघं जण दुसऱ्या एका गावी गेलो होतो. तिथल्या जुन्या थिएटरात शुक्रवारच्या दुपारच्या खेळाला पडद्याखाली कॅमेरा लावला. सिनेमा नाही टिपायचा, प्रेक्षक टिपायचे. लोक कुठे दचकतात, कुठे पुढे सरकतात, कधी शेजारच्याचा हात धरतात. दारावर मोठी पाटी लावली होती, मालकानं आधी सांगितलंही होतं. परत आल्यावर संकलनाच्या खोलीत मी एकटी ते चेहरे बघत बसले. पडद्यावर एका विधवेवर संशय घेतला जातो तिथं थांबवून थांबवून बघत होते. तिसऱ्या रांगेत एक माणूस कानाची पाळी ओढत पुढे झुकला आणि शेजारच्या बाईला काहीतरी म्हणाला. ओठ स्पष्ट दिसत होते. 'हिनंच मारलंय.'

कानाची पाळी ओढायची ती बाबांची सवय मला आहे. आई माझ्या हातावर चापट मारते त्यासाठी.

मी ते दृश्य किती वेळा मागे घेतलं, विचारू नका. पुढच्या शुक्रवारी एकटीच गेले. तिकीट खिडकीवरच्या माणसाला फोटो दाखवला तर तो म्हणाला, "हे लिफ्टवाले ना? मारधाडीचा असेल तर चुकवत नाहीत." मध्यंतरात ते जिन्यात आइस्क्रीम खात उभे होते. मी समोर जाऊन म्हटलं, "मी तुमची मुलगी."

 हातातलं आइस्क्रीम वितळून त्यांच्या मनगटावर आलं. मग पहिलं वाक्य बोलले ते असं, "धाकट्यानं पत्ता दिला का?"

काका, 'केवढी झालीस' नाही, 'कशी आहेस' नाही. धाकट्यानं, म्हणजे तुम्ही, पत्ता दिला का!

मग एकेक निघत गेलं. घर सोडल्यावर आठवड्याभरात त्यांनी तुम्हाला कळवलं होतं. दुसऱ्या बाईबरोबर राहतोय, परत येणार नाही, म्हणून. तुम्ही म्हणालात, आत्ताच कुणाला सांगू नकोस, ताईचं लग्न ठरतंय, आजीला धक्का बसेल. लग्न झालं. आजीही गेली. तरी तुमचं 'आत्ताच' संपलं नाही. दर उन्हाळ्यात तुम्ही शिबिराला जात होतात ते त्यांच्या घरी. माझे फोटो दाखवत होतात, मार्क सांगत होतात.

मी विचारलं, "आईला लोकांनी खुनी ठरवलं, हेही सांगत होते का?"

ते हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग माझ्या तोंडाकडे बघून हसू गेलं. "तुझी आई ठीक आहे, एवढंच म्हणायचा तो," म्हणाले.

तेवढ्यात त्या बाई आल्या. "या कोण?" तर बाबा म्हणाले, "कामावरच्या साहेबांची मुलगी." मी म्हटलं, "नाही हो, यांचीच." आणि निघाले. पुढे त्या दोघांत काय झालं ते बघायला थांबले नाही. मध्यंतर संपल्याची घंटा झाली होती, हवं तर सिनेमा बघा म्हणावं.

पोलिसांना तुम्ही काय सांगितलंत ते आईनंच सांगितलं मला, ती दाराआड उभी होती. 'आदल्या रात्री वहिनींचं आणि त्याचं कडाक्याचं भांडण झालं होतं.' खोटं नव्हतं. शेगडी नवी घ्यायची की नाही यावरून झालं होतं. पण तुम्ही नेमकं तेवढंच सांगितलंत. उजेड एका बाजूनं टाकलात. तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं, मान्य. आठवड्यानं कळलं, तेव्हा दुसऱ्या बाजूचा दिवा लावायला कुणी अडवलं होतं? पळालेल्या भावापेक्षा हरवलेला भाऊ घराण्याला परवडतो, हा तुमचा हिशेब. त्यात माझी आई भरडली गेली तर काय, ती परक्या घरातून आलेली.

आईला सांगायचं कसं, म्हणून मी दोन आठवडे तिची नजर चुकवत होते. शेवटी ती चादरींच्या घड्या घालत होती तेव्हा सांगून टाकलं. तिनं घडी पूर्ण केली.

"जाड झालाय का?"

"थोडे."

"केस?"

"मागे गेलेत."

"बरं झालं," म्हणाली. मग चादर मांडीवर घेऊन बसली. "तो मेलाय की जिवंत आहे, मला ठाऊक नव्हतं. मी मारलं नाही एवढं ठाऊक होतं. गल्लीला मात्र माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आणि भावजींना माहीत होतं?"

तेव्हा तिचा आवाज फाटला. नवऱ्याबद्दल विचारताना फाटला नव्हता, काका.

सरांनी शेवटी आईलाच बोलावून घेतलं. तिनं तुमचं पत्र शेवटपर्यंत वाचलं, नीट घडी घालून परत दिलं आणि म्हणाली, "सिनेमात माझं तोंड दिसणार आहे. आणखी कुणाची अब्रू त्यात असेल, तर त्यानं येऊन आपलं तोंड दाखवावं." सरांनी चहा मागवला. त्यांची एकच तक्रार राहिली. "शेवटी गुन्हेगार सापडला पाहिजे गं, प्रेक्षकाला बेड्या बघायच्या असतात." मी म्हटलं, "बेड्या घालू कुणाला सर? घर सोडून जाणाऱ्याला घालत नाहीत, गप्प बसणाऱ्याला घालत नाहीत आणि बोट दाखवणाऱ्याला तर नाहीच नाही."

सिनेमा थांबणार नाही. कॉलेजात दाखवायच्या आधी आपल्या गल्लीतल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये दाखवतेय, मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी. त्यात तुमचं नाव नाही, फोटो नाही. 'एकाला माहीत होतं' एवढं एक वाक्य आहे. ते कुणाबद्दल आहे हे उठून सांगायचं असेल तर या. खुर्ची ठेवते.

मी तुम्हाला घाबरत होते लहानपणी. आता आठवून बघितलं तर कशाला घाबरत होते तेच सापडत नाही.

पुतणी


१९ मे

काका,

खुर्ची रिकामी राहिली. शेजारच्या खुर्चीवर काकू येऊन बसल्या. एकट्याच आल्या होत्या, रिक्षा करून.

हॉल भरला होता. फुकट असलं की येतात, त्यातून आमच्या घरचं काहीतरी, मग काय! पहिला अर्धा भाग मी अगदी नियमाप्रमाणे केला आहे. अर्धवट उजेडात आई. बाटल्या. आईचे हात. आई बोलत नाही. वरून गल्लीतल्याच आवाजांत गल्लीतलीच वाक्यं. लोक पुढे सरकले, कुजबुजले, मजेत होते. एक गृहस्थ तर शेजारच्याला म्हणाले, "मी तेव्हाच म्हटलं होतं." आई माझ्या बाजूला ताठ बसून स्वतःला बघत होती.

मग पडद्यावर पूर्ण उजेड येतो आणि आई सरळ समोर बघून म्हणते, "तुम्ही बोलत होतात ते मला घरात ऐकू येत होतं. भिंती पातळ आहेत." आणि त्यानंतर बाबांचा चेहरा, तिसऱ्या रांगेतला. ओठांवर 'हिनंच मारलंय.'

 मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, हा तर आपला लिफ्टवाला!"

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मला नकोच होत्या. लोक उठेनात. दुकानाचे मालक तेवढे पुढे आले. "वहिनी, उद्यापासून पुढे बसा." आई म्हणाली, "उद्या माझी सुट्टी आहे. परवा बसेन." परवा बसली. पहिल्याच बाई काउंटरवर अडखळल्या, "मालक नाहीत का?" आई म्हणाली, "आहेत. पण औषध मीच देणार. नको असेल तर पुढच्या चौकात दुसरं दुकान आहे." बाईंनी घेतलं. सगळेच घेतात असं नाही. दोघं-तिघं अजून रस्ता ओलांडून जातात. आई त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही.

काकू हॉलमध्ये आईशी काय बोलल्या ते तुम्हाला त्या सांगतीलच, किंवा सांगणार नाहीत. मला ऐकू आलं ते एवढंच, "मला शिबिर सांगितलं होतं हो." आईनं त्यांच्या हातावर हात ठेवला.  त्या तीन दिवसांपासून आमच्याकडे आहेत, काळजी नसावी.

गेल्या सोमवारी आई पोलीस ठाण्यात गेली. म्हणाली, "माझा नवरा बेपत्ता असल्याची तक्रार आहे, ती बंद करा. सापडला." तिथल्या हवालदारानं विचारलं, "कुठे?" आई म्हणाली, "सिनेमा बघत होता." त्याला हसावं की नाही कळेना. आईच आधी हसली. माझ्या आठवणीत इतकी मोठ्यानं पहिल्यांदाच.

सिनेमा कॉलेजात पास झाला. सरांना शेवट अजून पटलेला नाही. मला मात्र तो बदलायचा नाही.

हे पत्र लिहितेय ते आई बघतेय. तुमच्यासाठी काही लिहू का, म्हणून विचारलं. आधी नको म्हणाली. मग आतून ओरडून सांगितलं, ते जसंच्या तसं देते: "भावजींना लिही, मी भांडायला येणार नाही. पण माफ केलं असं त्यांनी कुणाला सांगत फिरू नये."

मीही सांगणार नाही.

तुमच्या वहिनींची मुलगी